व्हीपीएसवर आठ-नऊ महिने : बॅकअप असणं आणि बॅकअप परत येणं

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. पुस्तकांची यादी, सभासद नोंदणी, दिवाळी अंक योजनेची नावनोंदणी आणि जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांचे स्कॅन, एवढा तिचा पसारा. आधी ती शेअर्ड होस्टिंगवर होती, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. आता मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या एका छोट्या व्हीपीएसवर आहे, म्हणजे सर्व्हरचा फक्त आपला असा वेगळा भाग, ज्याची देखभाल आपणच करायची. एक कोअर, दोन जीबी रॅम. प्लॅनची बाकीची माहिती कुठल्याही कंपनीच्या पानावर मिळते, ती इथे उतरवत नाही. मला लिहायचंय ते मुख्यतः बॅकअपबद्दल, कारण माझं सगळं डोकं त्यानेच तापलं.

गेल्या वर्षी दिवाळी अंकांची नावनोंदणी ऐन भरात असताना साइट गायब झाली. शेअर्ड होस्टिंगवाल्यांच्या त्या सर्व्हरची डिस्क गेली होती. डिस्क जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चॅटवर आधी सांगितलं की इंजिनिअर काम करताहेत. मग चोवीस तास थांबा म्हणाले. मग तिकिटावर दोन ओळींचं उत्तर आलं की तुमच्या खात्याचा बॅकअप आमच्याकडे उपलब्ध नाही. प्लॅन घेताना ‘साप्ताहिक बॅकअप मोफत’ असं ठळक अक्षरांत होतं, त्याचा स्क्रीनशॉट मी पाठवला. उत्तरादाखल त्यांनी अटी-शर्तींच्या पानाची लिंक दिली. तिथे खूप खाली एक कलम होतं : खात्यात एक लाखापेक्षा जास्त फायली झाल्या की ते खातं आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून वगळलं जाईल.

एवढ्याशा वाचनालयाच्या साइटवर लाखभर फायली कुठून आल्या, हे समजून घ्यायला हवं, कारण वर्डप्रेस (आमची साइट ज्यावर बनली आहे ती प्रणाली) वापरणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे घडू शकतं. तुम्ही एक फोटो चढवता तेव्हा वर्डप्रेस त्याच्या वेगवेगळ्या आकाराच्या प्रती करून ठेवतं. थंबनेल, मध्यम, मोठा वगैरे. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून त्यात १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या आणखी दोन प्रती वाढल्या. थीम (साइटचा देखावा ठरवणारा भाग) स्वतःच्या एक-दोन प्रती करते ती वेगळीच. म्हणजे एका मुखपृष्ठामागे सात-आठ फायली. आमच्याकडे बारा-तेरा हजार मुखपृष्ठं आहेत, आता गुणाकार करा. जागेच्या हिशेबात हे फार होत नाही, आमचं खातं दहा जीबीच्या आतच होतं. पण होस्टिंगवाले फायलींची संख्या मोजतात, तिला ते आयनोड म्हणतात. सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पानावर) डाव्या-उजव्या पट्टीत कुठेतरी हा आकडा दिसतो. ‘अनलिमिटेड’ प्लॅनचा खरा लिमिट तोच. आणि तो एक लाखाच्या पुढे गेला तेव्हा ‘आजपासून तुमचा बॅकअप बंद’ असा साधा मेल कंपनीने पाठवला नाही. रिन्यूअलचे मेल मात्र दोन महिने आधीपासून येत होते. याचा राग मला अजून आहे.

भरपाई म्हणून महिन्याच्या भाड्यातली काही टक्के रक्कम वॉलेटमध्ये जमा झाली. ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू राहण्याची, हमी म्हणतात ती हीच. या हमीतही तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहायला मुभा आहे. त्यापलीकडे गेलं तर पैसे मिळतात ते भाड्याच्या प्रमाणात, नुकसानीच्या नाही. महिना दीडशे रुपये भाड्यावर किती मिळणार? होस्टिंग निवडताना त्या नऊच्या आकड्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, सगळेच ते लिहितात.

ग्रंथपाल मॅडमच्या संगणकावर डेटाबेसची काही आठवड्यांपूर्वीची फाइल निघाली आणि मूळ स्कॅन एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते, म्हणून साइट उभी राहिली. पण फाइल नव्या सर्व्हरवर चढवल्यावर मराठीचा पार चुथडा झालेला होता. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यानंतर चलनाचं ते गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी. कारण असं की युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि जुना डेटाबेस लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीत नोंदलेला होता. तो प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजतो. ‘वाचनालय’ या शब्दात काने धरून सात चिन्हं आहेत, त्यांची एकवीस झाली. फाइल निघालेली, फाइल शाबूत, आकारही बरोबर, आणि तरी एक ओळ वाचता येईना. शेवटी जुना डेटाबेस घरच्या संगणकावर उभा करून, लॅटिन-१ सांगूनच पुन्हा डंप (डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) काढला, फाइलमधला अक्षरसंचाचा उल्लेख बदलून यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं यूटीएफ-८चं पूर्ण रूप) केला आणि मग चढवला. तेव्हा सभासदांची नावं दिसली. मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की बॅकअपची फाइल नुसती उतरवून ठेवू नका, ती दुसरीकडे चढवून त्यातलं एक मराठी पान उघडून बघा.

आता व्हीपीएसच्या निवडीविषयी. आमचं वाचनालय ‘क’ वर्गाचं, अनुदानावर चालणारं, ऑडिट दरवर्षी. त्यामुळे जीएसटीचं रीतसर बिल आणि रुपयांत भरणा या माझ्या पहिल्या अटी होत्या. परदेशी कंपन्या डॉलरमध्ये कार्डावरून दरमहा पैसे कापतात आणि ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या आगाऊ परवानगीच्या) नियमांमुळे असे आपोआप होणारे भरणे अडकू शकतात. भरणा अडकला की सर्व्हर स्थगित. संस्थेच्या बाबतीत ही जोखीम नको. दुसरी अट म्हणजे रिन्यूअलचा भाव पहिल्या दिवशी दिसला पाहिजे. जुना प्लॅन तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरून दीडशे रुपयांना मिळाला होता, नूतनीकरणाला तोच साडेचारशे, वर १८ टक्के जीएसटी. नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यापासून साधारण नऊशे आहेत आणि तेवढेच आहेत. तुलना करताना दीडशे आणि नऊशे अशी करू नका, साडेचारशे आणि नऊशे अशी करा.

मुंबईतला सर्व्हर घेतल्याचा फरक मात्र सगळ्यांना जाणवला. आधीचा अमेरिकेत होता, तिथून एका हाकेला अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास लागायचे. आता वीस-तीस. पुस्तकांची यादी मोबाइलवर चटकन उघडते असं सभासद आपणहून सांगतात. कंपनी बदलताना डीएनएसचा टीटीएल (साइटच्या नावामागचा सर्व्हरचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणून ठेवला, त्यामुळे नवा पत्ता भराभर पसरला. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, पहिल्यापासून वेगळ्या कंपनीकडे आहे आणि वेगळंच राहील. होस्टिंगवाल्यांशी भांडण झालं तर निदान नाव तरी आपल्या हातात असतं.

सुरक्षेचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघालं. सर्व्हर चालू झाल्यावर काही तासांतच लॉगमध्ये रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी दार ठोठावणं सुरू होतं. हे सगळ्यांच्याच सर्व्हरवर होतं, घाबरायचं कारण नाही. पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद, फक्त की, म्हणजे माझ्या संगणकावरची गुप्त फाइल. फायरवॉलमध्ये लागतील तेवढेच पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायची दारं) उघडे. वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं फेलटूबॅन. वर्डप्रेसची एक्सएमएल-आरपीसीची फाइल (बाहेरून साइटला आज्ञा द्यायचं जुनं दार) बंद. सर्व्हरच्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट आपोआप बसतात ते तसेच चालू ठेवले. जुलै २०२४ मध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्ये (ज्यातून सर्व्हरवर लॉगिन होतं त्या सॉफ्टवेअरमध्ये) रूटपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोहोचवणारी त्रुटी सापडली होती. अशा वेळी कुणीतरी रविवारी बसून अपडेट करेल या भरवशावर राहता येत नाही. एवढं लक्षात ठेवा की कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) अपडेट रिबूट केल्याशिवाय लागू होत नाही. साइटला https देणारं, लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हे साधन ते आपोआप नवं करतं, पण मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत. त्यामुळे मुदतीवर लक्ष ठेवणारी एखादी बाहेरची मोफत सेवा लावून घ्या.

एकदा डिस्क भराभर भरू लागली. मायएसक्यूएल ८ या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) मुळातच चालू असतो आणि तीस दिवसांचा साठवला जातो. तो तीन दिवसांवर आणला, प्रश्न मिटला. मेल पाठवण्यासाठी व्हीपीएस वापरू नका, बऱ्याच कंपन्या २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात. आम्ही मेल वेगळ्या सेवेकडे दिला.

पुन्हा बॅकअपकडे येतो, कारण इथे माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला मी कंपनीचा सशुल्क बॅकअप घेतला, भाड्याच्या वीस टक्के जास्त देऊन. आठवड्याला अख्ख्या सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची पूर्ण प्रत), एका बटणावर परत. दोनदा परत आणून बघितला, दोन्ही वेळा साइट जशीच्या तशी आली. पहिले काही महिने मी सगळ्यांना सांगत होतो की एवढं केलं की झालं. आता तसं सांगत नाही.

तो स्नॅपशॉट त्याच कंपनीत, त्याच खात्यात असतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत खाक झाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांचं सगळं गेलं. बरं, आग लागली नाही म्हणजे सुटलो असंही नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा चुकीच्या एका सेटिंगमुळे पुसली गेली. सहा लाखांच्या वर सभासद असलेली संस्था. तिसऱ्याच कंपनीकडे त्यांनी बॅकअप ठेवला होता, त्याचा मोठा आधार मिळाला आणि कारभार परत उभा राहिला. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर बिलाच्या वादात खातं स्थगित झालेल्या तालुक्याच्या वाचनालयाला कोण विचारतो?

म्हणून आता रोज रात्री डेटाबेस आणि अपलोडचा फोल्डर रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने कूटबद्ध होऊन दुसऱ्या कंपनीच्या साठवणुकीत जातो. दरमहा खर्च शंभर रुपयांच्या आत. त्या साठवणुकीचा पासवर्ड ग्रंथपाल मॅडमकडे बंद पाकिटात आहे. बॅकअप झाला नाही तर कळवणारा मेल मात्र मी मुद्दाम ठेवलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा त्यांचा रोजचा डंप आधीपासूनच अपयशी ठरत होता, आणि अपयश कळवणारे मेल डीमार्कच्या (मेल खरंच त्याच पत्त्यावरून आला का हे बघणाऱ्या) तपासणीत परत जात होते. कुणालाच कळलं नाही. त्याऐवजी मी उलट पद्धत ठेवली आहे : बॅकअप झाला की सर्व्हर बाहेरच्या एका सेवेला हजेरी लावतो, हजेरी चुकली की ती सेवा माझ्या फोनवर सांगते. सर्व्हर बंद पडला तरी हे चालतं.

दर महिन्याला तासाच्या भाड्याचा एक कोरा सर्व्हर घेऊन त्यावर हा बॅकअप चढवतो. सभासदांची यादी उघडतो, मराठी नीट वाचता येतंय का बघतो, शेवटच्या नोंदीची तारीख तपासतो आणि सर्व्हर काढून टाकतो. दहा-वीस रुपयांत होतं. पहिल्यांदा अर्धा दिवस गेला, आता चहा होईपर्यंत साइट उभी असते. सुरक्षेच्या सगळ्या बंदोबस्तापेक्षा, सगळ्या फायरवॉलपेक्षा मला या कामाने जास्त निश्चिंत केलं आहे.

व्हीपीएसच्या कंपनीचा सपोर्ट अनमॅनेज्ड आहे, म्हणजे तुमच्या वर्डप्रेसला ते हात लावत नाहीत, आणि सुरुवातीला एका तिकिटावर तसं कोरडं उत्तर मिळालं तेव्हा मी नाराज होतो. पण मध्यंतरी त्यांना आमचा व्हीपीएस ज्यावर चालतो ते मूळ यंत्र बदलायचं होतं. आठवडाभर आधी मेल आला, त्यात रात्रीची वेळ दिलेली, आणि गैरसोयीची वेळ असेल तर स्वतःहून आधी हलवण्याचं बटणही. मी ते एका दुपारी, वाचनालय बंद असताना दाबलं. काही मिनिटांत काम झालं. जे करणार ते आधी सांगतात आणि जे करत नाहीत तेही सांगतात. मला एवढंच हवं होतं.

हे वाचून सगळ्यांनी व्हीपीएस घ्यावा असं मी म्हणणार नाही. संस्थेत काळ्या खिडकीत कमांड लिहायला न कचरणारा एकही माणूस नसेल तर शेअर्ड होस्टिंगच घ्या, ते वाईट नसतं. फक्त पैसे भरण्याआधी सपोर्टला लेखी विचारा : किती फायलींनंतर बॅकअप बंद होतो, परत आणायचे वेगळे पैसे लागतात का, आणि माझ्या खात्याचा शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे हे मला पॅनलमध्ये दिसेल का. मी जुन्या प्लॅनच्या जागी पर्याय शोधताना हेच विचारत होतो. काहींनी सरळ आकडा सांगितला. काहींनी प्लॅनच्या पानाची लिंक पाठवली, त्यांना मी तिथेच सोडलं. उत्तर मिळालं तरी आठवड्याला एकदा पूर्ण बॅकअप स्वतः उतरवून घ्या, सीपॅनलमध्ये त्याचं बटण असतं.

आमच्या वर्षाच्या खर्चाला कार्यकारिणीने मंजुरी दिली आहे. सर्व्हर, बॅकअपची साठवणूक, डोमेन सगळं धरून बारा-तेरा हजारांत बसतं. आधीच्या दुप्पट आहे आणि खजिनदारांनी ते बोलून दाखवलं. त्यांना मी परत आणलेली साइट लॅपटॉपवर दाखवली, त्यांचं नाव सभासद क्रमांकासह त्यात होतं. यंदा दिवाळी अंकांची नावनोंदणी सप्टेंबरमध्येच ऑनलाइन सुरू करतोय.