निसर्गाचे सीन करायला ब्लेंडर कसं आहे: मसाई पठार, रंकाळा आणि रेंडरचा वेळ

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे हे सगळ्यांना माहितीय, पण डोंगर-पठार-तळं असले सीन त्यात कसे निघतात ते सांगतो, कारण कोल्हापुरात आमच्याकडं हीच कामं जास्त येतात आणि स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि दोन पीसी. चित्र भारी दिसतंय का एवढ्यावर भागत नाही ओ, ते सकाळपर्यंत रेंडर होऊन, म्हणजे कॉम्प्युटरनं सीनची पक्की चित्रं काढून, पडायला पण पाहिजे.

हिशोब बघा. २५ एफपीएसनं (सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे फ्रेम) १० सेकंदांचा शॉट म्हणजे २५० फ्रेम, फ्रेमला ४ मिनिटं धरली तर १००० मिनिटं, साडेसोळा तासांच्या वर. त्यात सायकल्समध्ये (ब्लेंडरचं उजेडाचे किरण मोजून चित्र काढणारं इंजिन) नॉईज, म्हणजे चित्रातले दाणे, निम्मा करायचा तर सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलला सोडलेले किरण, चौपट लागतात, म्हणून नुसते सॅम्पल वाढवत बसण्यात काही अर्थ नाही. मी २५६ च्या आसपास ठेवतो आणि उरलेले दाणे पुसायला डिनॉइजर लावतो. एका चित्राला एकदम झकास, पण अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेम वेगवेगळी साफ होते त्यामुळं बारीक गवत चुळबुळताना दिसतं, तिथं गवताच्या शॉटपुरते सॅम्पल वाढवायलाच लागतात.

खरी बचत सीन लावतानाच होते. समजा पावसाळ्यातलं पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, कॅमेरा अगदी जमिनीलगत. समोरच्या जांभ्या दगडाची भोकं, त्यात साचलेलं पाणी, हे प्रेक्षक बघणार, तर तिथं अ‍ॅडाप्टिव्ह सबडिव्हिजन (कॅमेऱ्याजवळ पृष्ठभाग जास्त बारीक तुकड्यांत तोडणं) आणि डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वर-खाली करणं) बिनधास्त वापरा. मागचे डोंगर धुक्यात जाणार, त्यांना साधा मेश, म्हणजे थ्रीडी आकार, आणि वर एक फोटो बास. धुकं पण व्हॉल्यूमनं (सीनमध्ये खरंखुरं धुकं भरून) केलं की रेंडर रडत चालतो, त्यापेक्षा मिस्ट पास, म्हणजे कुठली वस्तू किती लांब आहे ते दाखवणारं वेगळं चित्र, काढून रेंडरनंतर कंपोझिटरमध्ये मिसळा, लांबच्या शॉटमध्ये फरक कळत नाही. उन्हाचे झोत पाहिजे असतील तरच व्हॉल्यूम.

गवताला जिओमेट्री नोड्स (ठोकळे जोडून आकार आपोआप पसरवायची ब्लेंडरमधली सोय) म्हणजे नाद खुळा! चार-पाच काड्या बनवायच्या आणि त्याच लाखभर ठिकाणी इन्स्टन्स करायच्या, म्हणजे नवीन न बनवता त्याच पुन्हा पुन्हा दाखवायच्या, रॅम फुगत नाही. झाडाला मात्र पारदर्शक फोटोची पानं लावू नका, सायकल्सचा किरण एकेक पारदर्शक थर ओलांडत बसतो, त्यापेक्षा खरी कापलेली पानं लवकर सुटतात.

ईव्ही, म्हणजे ब्लेंडरचंच दुसरं रेंडर इंजिन, प्रचंड फास्ट आहे, क्लायंटला कॅमेरा कसा फिरणार ते दाखवायला मी तेच उघडतो. पण कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या पाण्यात काठावरच्या शालिनी पॅलेसचं प्रतिबिंब पाहिजे आणि पॅलेस फ्रेमच्या बाहेर गेला की ईव्हीत प्रतिबिंब पण गायब, कारण ते स्क्रीनवर दिसतंय तेवढ्यातूनच प्रतिबिंब काढतं. संथ पाणी असेल तर प्लेन प्रोब (सपाट पृष्ठभागाचं प्रतिबिंब वेगळं काढणारी वस्तू) टाकून भागतं, लाटा असतील तर सरळ सायकल्स.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गवताच्या चुळबुळीचा कापला.

अजून एक, फक्त कॅमेरा हलणार असेल तर रेंडर सेटिंगमधला पर्सिस्टंट डेटा चालू करा, प्रत्येक फ्रेमला सीन नव्यानं लोड होत नाही, रॅम तेवढी जास्त लागते. आणि रेंडर थेट एमपीफोरमध्ये कधीच काढू नका, पीएनजीच काढा. पावसात रात्री लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम फोल्डरमध्ये राहतात, अर्धवट राहिलेली शेवटची फाईल तेवढी उडवायची, ओव्हरराईटची टिक काढायची आणि पुन्हा रेंडर दाबायचा, उरलेल्या तेवढ्याच होतात.