पिस्तूल घेतलं, आता मेंबरशिप कुठली? विमा, वकिलीचा करार आणि संघटनेचा निधी

टेक्सासातल्या प्लेनोला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने ग्रीनकार्ड हाती आल्यावर वर्षाच्या आत पिस्तूल घेतलं. (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना केंद्रीय कायद्याने ते जवळ बाळगता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. म्हणून आपल्या लोकांपुढे हा प्रश्न बहुधा ग्रीनकार्डनंतरच येतो.) दुकानदाराने पेटीबरोबर एक पत्रकही दिलं: महिन्याला इतके डॉलर भरा, गोळी झाडायची वेळ आलीच तर वकिलाचं आम्ही बघतो. रविवारी त्याचा फोन. "दादा, तीन कंपन्यांची पानं उघडून बसलोय, सगळे एकच बोलतायत. स्वस्तातली कुठली घेऊ?"

मी म्हटलं, किमतीचं नंतर बघू, आधी समोर नेमकं काय ठेवलंय ते बघ. मेंबरशिप या एका शब्दाखाली तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली जात विम्याची. विस्कॉन्सिनची यूएससीसीए ही त्यातली सगळ्यात परिचित. मेंबरशिप संघटनेची, पण मागे खरी विमा पॉलिसी असते. ती पॉलिसी संघटनेच्या नावावर असते आणि तुम्ही त्यात अतिरिक्त विमाधारक म्हणून बसता. समोरच्याने किंवा त्याच्या घरच्यांनी दिवाणी दावा लावला तर भरपाईची रक्कमही यात येते, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला लाखोंचा आकडा बहुतेक तोच असतो.

दुसरी जात वकिलीच्या कराराची. टेक्सासातली यूएस लॉशील्ड, ओक्लाहोमातली सीसीडब्ल्यू सेफ. तुम्ही आगाऊ फी भरून वकिलाची सेवा विकत घेता. वकिलाच्या फीला सहसा कमाल मर्यादा नसते, पण दिवाणी निकालात तुमच्यावर बसलेली भरपाई मूळ करारात येतेच असं नाही. वकीलही बहुतेक वेळा त्यांच्या यादीतला.

तिसरी जात निधीची. वॉशिंग्टन राज्यातून २००८ साली सुरू झालेलं आर्म्ड सिटिझन्स लीगल डिफेन्स नेटवर्क या धर्तीवर चालतं. सभासदांच्या वर्गणीतला वाटा बचावनिधीत जातो. प्रसंग घडला की वकिलाला सुरुवातीची रक्कम मिळते आणि पुढची मदत प्रकरण बघून ठरते. वकील तुमच्या पसंतीचा. आपल्याकडच्या भिशीपेक्षा मंडळाच्या मदतनिधीशी याचं नातं जास्त जवळचं: माणसं चांगली असतील, पण पैसे मिळालेच पाहिजेत असा हक्क विम्याइतका पक्का नसतो.

आता तिघांना एकाच रात्रीत उभं करू. रात्री अडीच वाजले आहेत, मागचं दार फोडून कुणी आत आलंय, गोळी झाडली गेली, माणूस जखमी आहे. नाइन-वन-वनला, म्हणजे पोलिसांच्या आणीबाणीच्या नंबरावर, फोन झाला. त्यानंतरचा फोन पाकिटातल्या कार्डावरच्या नंबरावर. तिन्ही ठिकाणी कुणीतरी फोन उचलेल आणि वकील मिळेपर्यंत पोलिसांशी फार बोलू नका असं सांगेल. इथपर्यंत फरक नाही, आणि जाहिरातीही इथेच थांबतात.

फरक पडतो दुसऱ्या दिवशी, जामिनापाशी. समजा अडीच लाख डॉलरचा जामीन लागला. फी घेऊन तुमच्यासाठी जामीन भरणारा बॉन्ड्समन साधारण दहा टक्के घेतो, म्हणजे पंचवीस हजार, आणि ते परत मिळत नाहीत. करारात 'जामीन अमुक रकमेपर्यंत' लिहिलेलं असतं. ती रक्कम पूर्ण जामिनाची की बॉन्ड्समनच्या फीची, हे वाचल्याशिवाय दोन करारांची तुलनाच होत नाही. एकाचे अडीच लाख आणि दुसऱ्याचे पंचवीस हजार कधी कधी एकच निघतात.

त्यानंतर खटला. इथे विम्याची खरी नस आहे. जाणूनबुजून केलेल्या कृत्याचा विमा काढता येत नाही, हे अमेरिकी विमा कायद्यातलं जुनं तत्त्व. कॅलिफोर्नियाच्या विमा संहितेत कलम ५३३ मध्ये ते लिहूनच ठेवलंय. आणि स्वसंरक्षणात झाडलेली गोळी जाणूनबुजूनच झाडलेली असते! बचाव एवढाच की ती कायदेशीर होती. मग ती कायदेशीर नव्हती असं विमा कंपनीचंच मत झालं तर? लुईझियानात २०१८ साली गोळी झाडलेल्या, अशाच विम्याच्या एका सदस्येच्या प्रकरणात विमा कंपनीने सुरुवातीला पन्नास हजार डॉलर दिले आणि मग हात आखडता घेतला. पुढे ती दोषी ठरली. तिची बाजू खरी की खोटी ते बाजूला ठेवा. पैसे कधी थांबवता येतात, कोण थांबवतं आणि दोषी ठरल्यास दिलेले परत मागता येतात का, या तीन ओळी करारात शोधा. नाही सापडल्या तर ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवरचं उत्तर हवेत जातं.

नियामकांची बाजू अनेकांना राजकारण वाटते, थोडीफार असेलही. पण तिचा थेट परिणाम तुमच्या खिशावर होतो. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून अमेरिकेत विम्याचं नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. त्यामुळे एकच मेंबरशिप एका राज्यात चालते आणि दुसऱ्यात बेकायदा ठरते. एनआरए या बंदूकधारकांच्या मोठ्या संघटनेने एप्रिल २०१७ मध्ये 'कॅरी गार्ड' ही अशीच विम्याची योजना आणली. कारभार लॉक्टन या विमा दलाल कंपनीकडे, विमा चब समूहातल्या कंपनीचा. फौजदारी खटल्याचा खर्च विम्यातून देणं न्यूयॉर्कमध्ये चालत नाही, आणि एनआरएकडे तिथे विमा विकण्याचा परवानाही नव्हता. मे २०१८ मध्ये लॉक्टनला ७० लाख आणि चबला १३ लाख डॉलरचा दंड झाला. २०२० मध्ये एनआरएने २५ लाख भरून तडजोड केली. वॉशिंग्टन राज्याच्या विमा आयुक्तांनीही कॅरी गार्डवर कारवाई केली, आणि २०२० मध्ये आर्म्ड सिटिझन्स नेटवर्कलाही बंदीचा आदेश दिला: तुम्ही निधी म्हणा, आमच्या लेखी हा विनापरवाना विमाच आहे.

भावाने लगेच विचारलं, "पण सुप्रीम कोर्टात एनआरए जिंकली ना?" जिंकली, मे २०२४ मध्ये, तेही एकमताने. मात्र मुद्दा वेगळा होता. न्यूयॉर्कच्या माजी विमा नियामक मारिया व्हुलो यांनी एनआरएची मतं दडपण्यासाठी विमा कंपन्यांवर दबाव आणला, या आरोपावर दावा चालू शकतो, एवढंच कोर्टाने म्हटलं. न्यूयॉर्कमध्ये असा विमा कायदेशीर ठरला असा त्याचा अर्थ नाही. विक्रेत्याने हा निकाल पुढे केला तर सावध व्हा.

वकिलीच्या करारांचं नियमन आणखी वेगळं. टेक्सासात ते विमा खात्याकडे न जाता परवाना खात्याकडे जातात. फ्लोरिडात त्यांना कायदेशीर खर्चाचा विमा म्हणतात आणि त्यांचा स्वतंत्र कायदा आहे. हे नीरस वाटेल, पण कंपनीने पैसे अडवले तर तक्रार कुठल्या दारात न्यायची ते यावरूनच ठरतं. निधीच्या बाबतीत बहुतेकदा असं दारच नसतं.

मग निवड कशी करायची? टेक्सासातल्या माणसाला माझं मत सरळ आहे: वकिलीचा करार. बळाचा वापर समर्थनीय ठरला तर टेक्सासचा कायदा दिवाणी दाव्यापासूनही संरक्षण देतो, त्यामुळे विम्यातल्या त्या मोठ्या आकड्याची किंमत इथे कमी. शिवाय घराच्या विम्याची पॉलिसी काढून बघा. बऱ्याच पॉलिसींत हेतुपुरस्सर इजा वगळलेली असते, पण स्वतःच्या संरक्षणासाठी वाजवी बळ वापरलं तर अपवाद असतो. त्यातून फौजदारी वकील मिळणार नाही, दिवाणी बाजूला मात्र हातभार लागेल. असं दिवाणी संरक्षण नसलेल्या राज्यात रोज पिस्तूल लावून फिरणाऱ्याने विम्याची मेंबरशिप बघावी. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनमध्ये असाल तर आधी राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर नाव शोधा. एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाशी तासभर पैसे देऊन बोलणं आणि थोडी रक्कम बाजूला टाकणं तिथे जास्त शहाणपणाचं. निधीत मी वर्गणी देईन ती कार्यासाठी आणि त्यांच्या शिकवणीसाठी. भरवसा त्यावर ठेवणार नाही.

ग्रीनकार्डवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर. शस्त्राशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशातून काढून टाकण्याचं कारण होऊ शकतं. सरकारी वकील 'छोटा गुन्हा कबूल करा, तुरुंग टळेल' अशी ऑफर देतो. नागरिकाला ती वरदान वाटेल, ग्रीनकार्डवाल्याला ती विमानाचं तिकीट ठरू शकते. अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. पण यादीतल्या वकिलाला इमिग्रेशन कळतं का, आणि नसेल तर इमिग्रेशन वकिलाची फी करारात बसते का, हे तुम्हीच विचारायचं. वकील स्वतः निवडायची मुभा इथे दोन-पाच डॉलर जास्त मोजण्याच्या लायकीची.

भावाने शेवटी वकिलीचा करार घ्यायचं ठरवलं. परराज्यांचं कव्हर जादा पैसे देऊन जोडलं, कारण ते दर उन्हाळ्यात गाडीने कोलोरॅडोला जातात. मागे वहिनीचा आवाज येत होता. भाऊ कामासाठी महिन्यातले दहा दिवस बाहेर असतो, घरी त्या आणि दोन मुलं. "त्या कार्डावर माझं नाव आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हतं. जोडीदाराचे वेगळे पैसे पडतात, ते त्याने पाहिलंच नव्हतं.