घरच्या वर्कशॉपला मिलिंग मशीन: गोल कॉलम की डोव्हटेल?

मशीन घेताना बाकी फीचर्स नंतर बघा, आधी कॉलम बघा, म्हणजे हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) ज्यावर वर-खाली होतं तो उभा खांब. गोल कॉलमवालं मिल-ड्रिल (मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणारं मशीन) सेकंडहँड मिळालं तर स्वस्तात पडतं, अंगानं दणकट, स्टीलमध्येही बऱ्यापैकी कट घेतं. पण हेड वर-खाली केलं की ते खांबाभोवती फिरतं आणि झीरो, म्हणजे जॉबवर पकडलेली सुरुवातीची जागा, गेला! मी एकदा एज फाइंडरनी (जॉबची कड शोधायचं टूल) कोपरा पकडला, 5.8 मिमीचं ड्रिल मारलं, मग 6 मिमीचा लांब रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं टूल) बसेना म्हणून हेड वर घेतलं, झालं, परत डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं गेज) लावून भोकाचं सेंटर शोधत बसलो. सगळ्यात लांब टूल बघून हेड आधीच सेट करायचं असतं, पण हे सुचतं नंतर.

डोव्हटेल कॉलमला (तिरक्या कडांच्या खाचेत बसणारा सरळ मार्ग) हेड सरळ रेषेत सरकतं, ही कटकटच नाही. ॲल्युमिनियम-पितळच जास्त करणार असाल तर मी हेच घेईन. फक्त 50-60 किलोचं छोटं मशीन असेल तर स्टीलमध्ये खोल कट घेतला की थरथरतं, आणि काहींत प्लॅस्टिकचे गिअर असतात, कटर अडकला की त्यांचे दात गेलेच म्हणून समजा.

ट्रॅमिंग, म्हणजे स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा) टेबलला काटकोनात आहे का ते तपासून लावणं, मात्र दोन्हीला चुकत नाही, स्पिंडलला डायल लावून टेबलवर गोल फिरवायचा.