गाडीतला बिघडलेला रेडिओ काढून बाहेरचा बसवला: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या २०१४ च्या हॅचबॅकमधला कंपनीचा रेडिओ मागच्या हिवाळ्यात पूर्ण गेला. लक्षणं बरीच आधीपासून दिसत होती. आवाज वाढवायला नॉब फिरवला की तो कधी कमीच व्हायचा, कधी एकदम कान फुटेल एवढा वाढायचा. मग डिस्प्लेचा उजवा भाग दिसेनासा झाला. त्यानंतर डाव्या बाजूच्या पुढच्या स्पीकरमधून नुसती खरखर. शेवटी शेवटी तर गाडी बंद करून चालू केली की घड्याळ १२:०० वर आणि साठवलेली सगळी स्टेशनं पुसलेली.

हे शेवटचं लक्षण तुमच्याकडे असेल तर लगेच दुकानात जाऊ नका. रेडिओला दोन तारांतून वीज मिळते. पिवळी तार बॅटरीवरून कायम चालू असते, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज येते. पिवळीचा पुरवठा तुटला, फ्यूज उडाला किंवा कपलर (तारा जोडणारा प्लग) सैल झाला, तरी रेडिओ सगळं विसरतो, आणि तो दोष रेडिओचा नसतो. आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियननी चावी काढलेली असताना पिवळ्या तारेवर मल्टिमीटर लावला. साडेबारा व्होल्ट, स्थिर. म्हणजे पुरवठा ठीक, बिघाड आतला. खरखरीचंही तसंच: डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा कपलरपाशी अदलाबदल करून पाहिल्या, तर खरखर उजवीकडे गेली. स्पीकर चांगले निघाले. ही दोन तपासण्या दहा मिनिटांत होतात आणि कोणीही करून देतं. त्या करून घेतल्याशिवाय पैसे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्तीचा विचार केला होता. नुसता नॉब असता तर तो बदलून मिळाला असता. पण नॉब, डिस्प्ले आणि आउटपुटची आयसी (स्पीकरला आवाज पुरवणारी चिप) असं तिन्ही एकाच वेळी गेल्यावर दुरुस्तीवाल्या काकांनीच "यात पैसे टाकू नका" म्हणून सांगितलं. कंपनीचा तसाच नवा रेडिओ घ्यायचा तर १८ हजारांच्या आसपास लागत होते. बाहेरचा मी फिटिंगसकट त्याच्या निम्म्याहून कमी पैशात बसवला.

दुकानात जो तो ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन पुढे करतो. "ताई, स्क्रीनवालाच घ्या ना, आजकाल सगळे तेच लावून राहिले." मी दोन ओळींचा डिस्प्ले, मोठा गोल नॉब आणि सहा बटणं असलेला साधा डबल डिन (दुप्पट उंचीच्या खाचेत बसणारा) रेडिओ घेतला, आणि इतक्या महिन्यांनंतरही तोच घेईन. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या गर्दीत आवाज कमी करायला नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही, हात आपोआप नॉबवर जातो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंदांत रेडिओ सुरू. नकाशा फोनवर चांगला दिसतो, तो गाडीच्या स्क्रीनवर असावा असं मला कधी वाटलं नाही. ज्यांना रिव्हर्स कॅमेरा हवा आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी स्क्रीनच घ्यावी. पण स्वस्तातल्या, कमी रॅमच्या अँड्रॉइड युनिटमध्ये रेडिओचा ट्यूनर हा सगळ्यात शेवटी विचारात घेतलेला भाग असतो. घेण्यापूर्वी दुकानातच त्यावर मीडियम वेव्ह लागते का ते विचारा. बऱ्याच युनिटवर तो बँडच नसतो. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात आणि खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्याच युनिटना लागू आहे.

मापाबद्दल थोडक्यात. सिंगल डिनची खाच १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनची १८० बाय १००. काही जपानी गाड्यांत रुंदी २०० असते, तिथे बाजूला पट्ट्या लागतात. आमच्या डॅशबोर्डची कड गोलाकार आहे म्हणून त्याच मॉडेलची फ्रेम वेगळी घ्यावी लागली. ती आधी मिळवा, मग रेडिओ घ्या. उलट केलं तर फटी दिसतात आणि त्या फटीतून धूळ आत जाते.

आता तारा. गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका. एका बाजूला गाडीचा प्लग आणि दुसऱ्या बाजूला नव्या रेडिओचा प्लग असलेला तयार कपलर मिळतो, तो काही शेकड्यांत येतो. "कापून टेप मारून देतो, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतीलच. नागपूरच्या उन्हात चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो, पट्टी सुटते आणि उघड्या तारा डॅशबोर्डमागे एकमेकींना टेकतात. कपलर लावला तर पुढे कधी रेडिओ काढायचा झाला तरी पाच मिनिटांचं काम. एक मात्र बघा: काही गाड्यांच्या प्लगमध्ये पिवळ्या आणि लाल तारेच्या जागा उलट असतात. तशी जोडणी झाली तर नवा कोरा रेडिओसुद्धा प्रत्येक वेळी स्टेशनं विसरतो.

आणि निळी तार. माझ्या मते सगळ्या फिटिंगमध्ये हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. आजच्या बऱ्याच गाड्यांचा छतावरचा अँटेना आखूड असतो, आणि त्याच्या बुडाशी एक छोटा अँप्लिफायर बसवलेला असतो. त्याला १२ व्होल्ट मिळाले तरच तो काम करतो, आणि ते व्होल्ट रेडिओच्या निळ्या तारेतून जातात. आमच्या फिटरनं ती टेप गुंडाळून मोकळी सोडली होती. सीताबर्डीत, सदरमध्ये काहीच कळलं नाही, सगळी स्टेशनं खणखणीत. पण बुटीबोरीच्या दिशेनं निघालो की मिहानच्या पुढे सूं सूं सुरू. जुना रेडिओ मरता मरताही तिथपर्यंत नीट वाजायचा. परत नेऊन निळी तार जोडून घेतली आणि फरक त्याच संध्याकाळी दिसला. शहरात फिटिंग तपासून "मस्त वाजून राहिलं" म्हणत पैसे देऊ नका. एकदा शहराबाहेर जाऊन या, मग ठरवा.

यापेक्षा मोठा गोंधळ १००.६ चा झाला. रोज सकाळी मनीषनगरहून धरमपेठेत जाताना आई शेजारी असते आणि तिला विविध भारती, म्हणजे १००.६, लागते. नव्या रेडिओवर ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ सगळं आपोआप सापडलं, पण १००.६ काही केल्या सापडेना. हातानं फिरवलं तर १००.५ नंतर थेट १००.७, आणि दोन्हीकडे तेच स्टेशन फाटक्या आवाजात, प्रत्येक 'स' आणि 'श' चरचरत. फिटर म्हणाला, "ते स्टेशनच बंद झालं असन." आई मागून शांतपणे म्हणाली, "अरे, सकाळी घरी ऐकूनच निघाली ना मी."

कारण होतं विभागाचं सेटिंग. युनिट अमेरिकेच्या सेटिंगवर होतं. तिथे एफएमची स्टेशनं ०.२ च्या टप्प्यानं आणि नेहमी विषम दशांशावर असतात: ८८.१, ८८.३, ८८.५ असं. नागपूरची ही चारही खासगी स्टेशनं नेमकी विषम दशांशावर आहेत, म्हणून ती बरोबर लागत होती आणि कोणालाच शंका आली नाही. १००.६ सम, म्हणून ते दोन पायऱ्यांच्या मधोमध अडकलं. मीडियम वेव्हचंही तेच. अमेरिकेत पायरी १० किलोहर्ट्झची, आपल्याकडे ९ ची. आकाशवाणी नागपूर ५८५ वर आहे. ५३१ पासून नऊ-नऊनं मोजत गेलं की ५८५ बरोबर येतो, पण दहाच्या पायरीत ५८० आणि ५९० येतात, ५८५ येतच नाही. शिवाय अमेरिकेच्या सेटिंगमध्ये एफएमचे वरचे स्वर आपल्यापेक्षा थोडे जास्त दाबले जातात, त्यामुळे सगळीच स्टेशनं किंचित घुमी वाटत होती. मेनूत जाऊन विभाग युरोप-आशिया केला, रेडिओनं सगळी स्टेशनं पुसून पुन्हा शोधली आणि १००.६ पहिल्याच फेरीत सापडलं. खर्च शून्य. हे सेटिंग फिटरसमोरच उघडून बघा, आणि शोधाच्या यादीत १००.६ आलं नाही तर पैसे देऊ नका.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. आमच्या घरात त्याच्या शेतीच्या कार्यक्रमांवर आणि बातम्यांवर दिवस लागायचा, म्हणून मीडियम वेव्हला मी एवढं महत्त्व देते. अमरावती रोडनं बाजारगाव सोडलं की एफएम हळूहळू विरळ होतं, पण ५८५ कोंढाळीच्या पुढेही साथ देतं. मात्र मीडियम वेव्हला विजेचा त्रास फार. कोराडीकडे जाताना उच्च दाबाच्या तारांखालून गाडी गेली की भुणभुण होणारच, त्यात रेडिओचा दोष नाही. पण गाडीतल्या गाडीत होणारी भुणभुण थांबवता येते. आमच्याकडे लायटरच्या खाचेतला स्वस्त चार्जर काढला की अर्धी खरखर जायची. चांगला चार्जर घेतला आणि प्रश्न संपला. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर काळी तार (अर्थिंगची) कुठे जोडली आहे ते बघा. ती रंग लावलेल्या पत्र्यावर नको, उघड्या धातूवर घट्ट हवी.

उन्हाळ्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि गाडी दुपारभर उघड्यावर: अशा दिवसांत डिस्प्ले पहिली काही मिनिटं काळपट पडायचा, अक्षरं जेमतेम दिसायची. एसी सुरू होऊन डॅशबोर्ड निवला की पूर्ववत. आवाज मात्र एकदाही तुटला नाही. नॉबभोवतीची चंदेरी कडी मेच्या अखेरीस एका बाजूनं सुटली, ती मी चिकटवून घेतली. या किमतीला डिंक यापेक्षा चांगला असायला हवा होता, ही माझी खरी तक्रार आहे. पावसाळ्यात काहीच त्रास नाही.

आवाजाबद्दल. डब्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं आणि लोक त्यावरून दोन युनिटांची तुलना करतात. तो आकडा कुठून येतो ते बघा. गाडी चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. पण हा आकडा आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतला. स्वच्छ आवाजाला जास्तीत जास्त त्याच्या निम्मा, २६ वॅटच्या आत, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वेगळा अँप्लिफायर नसलेल्या जवळजवळ सगळ्या रेडिओंना हेच गणित लागू आहे. तेव्हा वॅटवरून निवडू नका, कानानं निवडा. आमचे स्पीकर जुनेच ठेवले, तरी गाण्यातला आवाज जुन्या रेडिओपेक्षा मोकळा येतो. बेस थोडा जास्त दिलेला असतो, तो मी दोन घरं कमी केला, तेव्हा निवेदकाचा आवाज माणसासारखा वाटू लागला.

ब्लूटूथ लगेच जोडलं जातं. फोनवर बोलण्यासाठी मात्र रेडिओच्या तोंडावरचा माइक वापरू नका, एसीच्या झोताचा आवाज थेट त्यात जातो. सोबत मिळणारा वेगळा माइक ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाला लावून घेतला, आता समोरच्याला पुन्हा पुन्हा "काय?" विचारावं लागत नाही. स्टिअरिंगवरची बटणं रेडिओला शिकवावी लागतात, प्रत्येक बटण दाबून धरून. ती चालतात, फक्त फोन उचलायचं बटण आमच्या गाडीत जुळलं नाही. केशरी तार हेडलाइटच्या पुरवठ्याला जोडली तर रात्री डिस्प्ले मंद होतो. रात्री महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांनी हे नक्की करून घ्यावं.

बॅटरीची भीती अनेकांना असते. जोडणी बरोबर असेल तर बंद गाडीत रेडिओ अगदी थोडे मिलिअँपिअर घेतो. आम्ही गावाला गेलो तेव्हा गाडी दोन आठवडे उभी होती, पहिल्याच चावीत सुरू झाली. विम्याचं मात्र आठवणीनं बघा. बाहेरून लावलेल्या विजेच्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवल्या नसतील तर चोरीत किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीलाही तोच लागतो.

जुना रेडिओ फेकलेला नाही. त्याची फ्रेम, स्क्रू आणि रेडिओ पुन्हा चालू करायच्या कोडचं कार्ड एका डब्यात ठेवलंय, गाडी विकताना कोणी मूळ रेडिओ मागितला तर कपलरमुळे तो परत बसवता येईल. राहिला यूएसबीचा प्रश्न: पुढच्या सॉकेटमधून फोन फार हळू चार्ज होतो, नकाशा चालू असला तर टक्के वाढतच नाहीत. त्यासाठी फ्यूज बॉक्समधून वेगळं चार्जिंग पॉइंट काढून घ्यायचं आहे, आणि ते कोणाकडून करवून घ्यावं याबद्दल नागपुरातल्या कोणाचा चांगला अनुभव असेल तर जरूर सांगा.