व्हिसा प्रायोजकत्वाच्या नावाखाली फसवणूक: परदेशी नोकरी शोधणाऱ्या प्लॅस्टिक सर्जनसाठी

परदेशातील रुग्णालयात प्लॅस्टिक व पुनर्रचनात्मक शल्यचिकित्सकाची जागा मिळवून देतो आणि व्हिसाचे प्रायोजकत्वही तेच रुग्णालय देईल, असे सांगणाऱ्या एका सल्लागार संस्थेने माझी फसवणूक केली. गेलेली रक्कम परत मिळालेली नाही आणि ती मिळेल अशी आशाही मला नाही. तरीही हे सविस्तर लिहिते आहे, कारण ही फसवणूक आमच्या शाखेतील डॉक्टरांच्या अडचणी नेमक्या ओळखून रचलेली होती. त्यात वापरलेली बहुतेक नावे खरी होती. त्यामुळे नेहमीची पडताळणी करूनही ती उघडकीस येत नव्हती.

आधी या अडचणी समजून घेतल्या पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून करायच्या फ्री फ्लॅप शस्त्रक्रिया (शरीराच्या एका भागातील ऊतींचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, काढून दुसऱ्या भागावर बसवणे), भाजलेल्या रुग्णांवरील दीर्घकालीन उपचार, हाताच्या गुंतागुंतीच्या दुखापती, कर्करोगानंतर जबड्याची किंवा स्तनाची पुनर्रचना ही कामे मोजक्या मोठ्या केंद्रांतच चालतात. त्यामुळे जागा थोड्या असतात आणि परदेशातून येणाऱ्या उमेदवाराला बहुधा क्लिनिकल फेलो किंवा स्पेशालिटी डॉक्टर या, मुख्य शल्यचिकित्सकाच्या खालच्या पदांपासून सुरुवात करावी लागते. ब्रिटनचे उदाहरण घेतले तर तेथे डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि परवाना असल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. नोंदणीसाठी पदवीची मूळ विद्यापीठाकडून एपिक प्रणालीमार्फत पडताळणी व्हावी लागते आणि आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ व प्रत्येक भागात किमान ७ गुण, किंवा ओईटी या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेच्या चारही भागांत बी श्रेणी मिळवावी लागते. त्यानंतर प्लॅब या परदेशी डॉक्टरांच्या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे येतात आणि त्यांतला दुसरा टप्पा मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. एमआरसीएस या शल्यचिकित्सेच्या परीक्षेसारखी मान्य पदव्युत्तर अर्हता असेल तर प्लॅबची गरज उरत नाही, परंतु ती अर्हता मिळवण्यासाठीही बराच काळ जातो. दिवसभर शस्त्रक्रियागृहात उभे राहून रात्री या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हा मार्ग थोडा आखूड करून देतो असे कोणी म्हटले, तर तो ऐकून घेणारच. फसवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

माझ्यापर्यंत आलेल्या प्रस्तावात म्हटले होते की रुग्णालय प्रायोजक असल्यामुळे प्लॅबची आवश्यकता नाही. हे विधान धादांत खोटे असते तर ते मी तिथेच सोडून दिले असते. परंतु त्यात दोन वेगळ्या प्रक्रियांची सफाईदार सरमिसळ केलेली होती. एक प्रक्रिया जनरल मेडिकल कौन्सिलची आहे. कौन्सिलने मान्यता दिलेल्या रॉयल कॉलेजसारख्या (विशेषज्ञ डॉक्टरांच्या व्यावसायिक) संस्था, परदेशी डॉक्टरची पात्रता व अनुभव तपासून, त्याच्या नोंदणीची शिफारस करू शकतात, म्हणजेच नोंदणीपुरते प्रायोजक होऊ शकतात. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही योजना याच स्वरूपाची असून तिच्याखाली जास्तीत जास्त २४ महिने प्रशिक्षण घेता येते. अशा शिफारशीने नोंदणी झाल्यास प्लॅब द्यावी लागत नाही, हे खरे आहे. दुसरी प्रक्रिया ब्रिटनच्या गृहखात्याची आहे. परवानाधारक मालक परदेशी कर्मचाऱ्याला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतो आणि त्याच्या आधारे व्हिसाचा अर्ज होतो. या दुसऱ्या प्रायोजकत्वाचा वैद्यकीय नोंदणीशी काहीही संबंध नाही. रुग्णालय व्हिसासाठी प्रायोजक झाले म्हणून कौन्सिल कोणालाही प्लॅबमधून सूट देत नाही. संस्थेने पहिल्या प्रक्रियेची सवलत दुसऱ्या प्रक्रियेच्या नावावर विकली, आणि विचारणा केली तेव्हा पहिल्या प्रक्रियेचे अधिकृत नियम पुरावा म्हणून पुढे केले.

मी पडताळणी केली होती. ज्या रुग्णालयाच्या नावाने पत्रे येत होती, ते ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करत असलेल्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत होते. पत्रावर ज्या वरिष्ठ शल्यचिकित्सकाची सही होती, त्यांचे नाव आणि सात अंकी क्रमांक कौन्सिलच्या नोंदवहीत सापडत होता आणि त्यांच्या विशेषज्ञतेपुढे प्लॅस्टिक सर्जरीच लिहिलेले होते. रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग होता, हेही खरे होते. मात्र ही यादी आणि ही नोंदवही जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येते, म्हणजे ती फसवणाऱ्यालाही पाहता येते. त्याने नावे तेथूनच उचललेली होती. रुग्णालय अस्तित्वात आहे, एवढेच त्या तपासणीतून सिद्ध होत होते. हे पत्र त्या रुग्णालयाने पाठवले आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

मुलाखतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आमच्या शाखेतील व्यक्तीला बनावट मुलाखत ओळखण्याची सर्वांत चांगली संधी तेथेच असते. समोरच्या दोघांनी कॅमेरे बंद ठेवले होते. अनुभवाची वर्षे, कुटुंबातील माणसे, रुजू होण्याची तारीख आणि खर्चाची तयारी एवढेच त्यांनी विचारले. पुनर्रचना विभागातील खरी निवड समिती असे करत नाही. फ्री फ्लॅप केलेल्या रुग्णाचा फ्लॅप रात्री निळसर पडून फुगू लागला आणि दाबून सोडल्यावर रंग नेहमीपेक्षा लवकर परतू लागला तर तुम्ही काय कराल, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. शिरेतून रक्त बाहेर जाणे अडले आहे हे ओळखून, विलंब न लावता रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेणारा डॉक्टर त्यांना हवा असतो, कारण फ्लॅपच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो आणि त्या वेळी विभागात बहुतेकदा फेलोच हजर असतो. लॉगबुकातील, म्हणजे शस्त्रक्रियांच्या वैयक्तिक नोंदवहीतील, कोणत्या शस्त्रक्रिया स्वतः केल्या, कोणत्या देखरेखीखाली केल्या आणि कोणत्यांत केवळ साहाय्य केले, याची ते बारकाईने चौकशी करतात. ऑडिट (उपचारांच्या दर्जाची तपासणी) आणि रुग्णसुरक्षा हे विषयही हमखास निघतात. माझ्या मुलाखतीत यांपैकी काहीही निघाले नाही. मी तसे म्हटले तेव्हा वैद्यकीय फेरी स्वतंत्रपणे होईल असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर थेट नियुक्तिपत्र आले. ज्या रुग्णालयाला आपल्या रुग्णाचा जबडा किंवा हात तुमच्या हाती सोपवायचा आहे, ते तुमच्या हातांविषयी एकही प्रश्न न विचारता नियुक्ती करणार नाही.

पैशांची मागणी एकदम मोठी नव्हती. सुरुवातीला फाइल तयार करण्याचे शुल्क आणि पुढे कौन्सिलकडील शिफारशीचे शुल्क मागितले गेले. त्यानंतर सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपसाठी मोठी रक्कम मागण्यात आली. या प्रत्येक टप्प्याआधी एखादे अधिकृत दिसणारे कागदपत्र पाठवले जाई, त्यामुळे पैसे एखाद्या पूर्ण झालेल्या कामाचे आहेत असे वाटत राही. वास्तविक ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट एजन्सीज अॅक्ट १९७३ नुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास एजन्सीला मनाई आहे. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे शुल्क मालक गृहखात्याला भरतो. एप्रिल २०२५ पासून ते ५२५ पौंड आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून ते स्किल्ड वर्कर मार्गाने येणाऱ्या कर्मचाऱ्याकडून वसूल करणेही नियमबाह्य ठरले आहे. माझ्याकडे याच्या अनेक पटींनी अधिक रक्कम मागितली गेली होती आणि ती एका तिसऱ्याच देशातील व्यक्तिगत खात्यात भरायची होती. शिवाय हे प्रमाणपत्र म्हणजे सही-शिक्क्याचा कागद नसतो. ती गृहखात्याच्या संगणकातील एक नोंद असते आणि उमेदवाराला तिचा संदर्भ क्रमांक दिला जातो. मला मात्र राजचिन्ह छापलेले सुबक प्रमाणपत्र पाठवण्यात आले होते.

शेवटच्या मागणीमुळे सारा प्रकार उघड झाला. तीन वर्षांच्या आरोग्य अधिभारापोटी (सरकारी आरोग्य सेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायची रक्कम) ३,१०५ पौंड तातडीने भरावेत, असे पत्र आले. वर्षाला १,०३५ पौंड हा दर बरोबर होता. परंतु राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) नोकरीला जाणारा डॉक्टर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर जातो आणि त्या व्हिसाच्या अर्जदाराला व त्याच्या कुटुंबीयांना हा अधिभार माफ असतो. दरमहा परदेशी डॉक्टर नेमणाऱ्या रुग्णालयाच्या कार्यालयाला हे माहीत नसणे अशक्य आहे. मी पत्रावरील दूरध्वनी क्रमांक बाजूला ठेवला, रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मुख्य क्रमांक घेतला आणि डॉक्टरांच्या नेमणुकांचे काम पाहणाऱ्या विभागाशी बोलले. अशी कोणतीही जागा जाहीर झालेली नव्हती, माझ्या नावाचा अर्ज त्यांच्याकडे नव्हता आणि सही असलेल्या शल्यचिकित्सकांना याची काहीच कल्पना नव्हती. ईमेलच्या पत्त्यात एनएचएस ही अक्षरे होती, पण ती मध्यभागी होती. या सेवेचे खरे पत्ते शेवटी डॉट एनएचएस डॉट यूके किंवा एनएचएस डॉट नेट असे संपतात. इंग्लंड व वेल्समधील सरकारी रुग्णालयांच्या जागा एनएचएस जॉब्ज किंवा ट्रॅक या संकेतस्थळांवर संदर्भ क्रमांकासह प्रसिद्ध होतात. तो क्रमांक मागितला असता त्या संस्थेने प्रत्येक वेळी विषय बदलला होता.

ज्यांचा ओढा अन्य देशांकडे आहे त्यांनीही हाच आडाखा ठेवावा: प्रायोजकत्वासाठी उमेदवाराकडे पैसे मागितले, तर तेथेच सावध व्हावे. ऑस्ट्रेलियात व्हिसा प्रायोजकत्वाच्या बदल्यात पैसे मागणे, देणे किंवा घेणे डिसेंबर २०१५ पासून कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे तेथे प्रायोजकत्व विकत घेणारा उमेदवारही अडचणीत येतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. आखाती देशांत पदव्यांची पडताळणी बहुधा डेटाफ्लो या कंपनीमार्फत होते, आणि तेथे एजंट एक वेगळी खेळी करतात. ते उमेदवाराचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडतात. मग पडताळणीचा अहवाल त्यांच्या ताब्यात राहतो आणि प्रत्येक कागदासाठी त्यांच्यापुढे हात पसरावे लागतात. दुबई, अबू धाबी, सौदी अरेबिया, कुठलाही परवाना असो, खाते आपल्या ईमेलवर, आपल्या पासवर्डने उघडावे आणि शुल्क थेट तेथेच भरावे.

पैशांपेक्षाही मला एका वेगळ्या मागणीची चिंता अधिक वाटते. त्या संस्थेने माझ्याकडे रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे मागितली होती. लॉगबुक मी रुग्णांची ओळख वगळून दिले होते. छायाचित्रे देण्यास मी नकार दिला, तेव्हा निवड रद्द होईल असे बजावण्यात आले. आमच्या कामात चेहरा हाच अनेकदा आजाराचा भाग असतो आणि डोळ्यांवर काळी पट्टी टाकल्याने माणूस अनोळखी होत नाही. भाजलेल्या मुलीचा किंवा जबडा गमावलेल्या रुग्णाचा फोटो अनोळखी माणसाच्या हाती गेला की तो कोणत्या जाहिरातीत, कोणाचे कौशल्य म्हणून वापरला जाईल, हे सांगता येत नाही. त्या रुग्णाने उपचारांसाठी संमती दिलेली असते, आपल्या नोकरीच्या अर्जासाठी नव्हे. कोणतेही प्रामाणिक रुग्णालय भरतीच्या टप्प्यावर अशी छायाचित्रे ईमेलने मागवत नाही.

नियुक्तिपत्रासोबत सध्याच्या नोकरीचा राजीनामा स्वीकारल्याचे पत्रही तातडीने मागण्यात आले होते. ते मी दिले नाही, म्हणून आज माझे शस्त्रक्रियेचे काम सुरू आहे. राजीनामा देऊन बसलेला डॉक्टर पुढची प्रत्येक रक्कम भरण्यास अधिक सहज तयार होतो, हाच या घाईमागचा हेतू असतो. शस्त्रक्रियेत पडलेला खंड पुढच्या प्रत्येक खऱ्या मुलाखतीत विचारला जातो, हे नुकसान वेगळेच. नोंदणी आणि व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये.

फसवणूक लक्षात आल्यावर मी त्याच दिवशी बँकेला कळवून शेवटचे हस्तांतरण थांबवण्याची विनंती केली आणि पोलिसांकडे सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवली. ज्यांच्या नावाचा गैरवापर झाला त्या रुग्णालयाला व शल्यचिकित्सकांना सर्व पत्रांच्या प्रती पाठवल्या. माझ्या पदव्या, पासपोर्ट आणि नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती त्या लोकांकडे असल्यामुळे माझ्या वैद्यकीय परिषदेलाही लेखी कळवले. त्या कागदांच्या आधारे कोणी माझ्या नावाने अन्यत्र अर्ज केला, तर परिषदेच्या नोंदीत ही सूचना आधीपासून असावी, हा त्यामागचा उद्देश होता. असा प्रसंग आलेल्यांनी हे शेवटचे पत्र लिहायला विसरू नये. त्या पत्रात, फसवणाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक कागदाचे नाव, तो पाठवल्याची तारीख आणि तो ज्या ईमेल पत्त्यावर गेला तो पत्ता नमूद करावा आणि पोचपावती जपून ठेवावी.