पर्स्वेजन: ठरलेलं लग्न मोडल्यावर आठ वर्षांनी

जेन ऑस्टिन म्हटलं की लोक थेट प्राइड अँड प्रेज्युडिसवर जातात, मीपण जायचे, आणि धमाल पुस्तक आहेच ते. पण हल्ली कुणी विचारलं ना की दोनशे वर्षं जुनी लव्हस्टोरी आज कशाला वाचायची, तर मी पर्स्वेजन पुढे करते. कॉलेजात असताना हेच पुस्तक मी चाळीस पानांत सोडलं होतं. सरळ बोअर झालं होतं. हिरॉइन 27 वर्षांची, घरात कुणी तिला विचारत नाही, ती स्वतः फारसं बोलत नाही, आणि सुरुवातीलाच तिचे वडील आपल्या खानदानाची नोंद असलेलं जाडजूड पुस्तक परत परत वाचत बसलेले. आता चाळिशी टेकल्यावर पुन्हा हातात घेतलं आणि दोन रात्रींत संपवलं. दुसऱ्या रात्री नवरा म्हणाला एकतर लाइट बंद कर नाहीतर हॉलमध्ये जा, मी हॉलमध्ये गेले.

गोष्ट थोडक्यात सांगते. ॲन एलियट 19 वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या नेव्हीतल्या तरुण ऑफिसरशी जमतं, लग्न ठरतं आणि थोड्याच दिवसांत मोडतं. मोडतं कारण त्याच्याकडे पैसा नाही, मोठं घराणं नाही, आहे तो फक्त 'मी वर येणार म्हणजे येणार' हा कॉन्फिडन्स. ॲनची आई वारलेली, वडिलांना हिचं काही पडलेलं नाही, आणि आईची मैत्रीण लेडी रसेल, जी हिच्यावर खरंच आईसारखी माया करते, ती हिला समजावते की अगं युद्ध चालू आहे, याचा काय भरवसा, कशाच्या जोरावर संसार करणार तुम्ही. ॲन ऐकते. तो रागाने निघून जातो. पुस्तक सुरू होतं 1814 च्या उन्हाळ्यात, तोवर आठ वर्षं होऊन गेलीत, नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबलंय आणि नेव्हीवाले खिसे भरून किनाऱ्यावर परत येतायत. त्या काळी शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतला वाटा कॅप्टनला आणि खलाशांना मिळायचा, वेंटवर्थने त्यातून 25,000 पौंड केलेत. इकडे ॲनचे वडील सर वॉल्टर कर्जात इतके बुडालेत की राहता वाडा भाड्याने द्यायची पाळी आलीये. आणि भाडेकरू कोण मिळावा, तर वेंटवर्थची सख्खी बहीण आणि तिचा ॲडमिरल नवरा!

एवढं वाचून वाटेल की हा तर सिरियलचा मसाला झाला. हो, आहेच. पण ऑस्टिनबाई हा मसाला वापरतात कसा ते बघा. आठ वर्षांनी दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात तो प्रसंग जेमतेम एका परिच्छेदात उरकलाय. तो वाकून नमस्कार करतो, ती करते, खोली माणसांनी आणि आवाजांनी भरल्यासारखी वाटते, दोन मिनिटांत तो गेलेलासुद्धा असतो आणि ही मनात घोकत बसते की झालं, झालं एकदाचं. बस. आणि मग धाकटी बहीण मेरी येऊन अगदी सहज सांगते की तो म्हणत होता, तू इतकी बदललीयेस की त्याने ओळखलंच नसतं. मेरीला आधीचं काही माहीतच नाही, त्यामुळे तिच्या बोलण्यात दुष्टपणा नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. ॲन स्वतःची समजूत घालते की बरं झालं ऐकलं ते, आता तरी मन शांत होईल. अहो, काय शांत होणार!

मला आत्ता कळलेली गोष्ट ही की या पुस्तकात दोघांचं बोलणं जवळजवळ होतच नाही. घर सदैव माणसांनी भरलेलं, कुणीतरी पियानो वाजवतंय, कुणीतरी आजारी पडलंय, दोन घरांमध्ये सारखी ये-जा, आणि या गर्दीत ही दोघं एकमेकांचं बोलणं फक्त कानावर पडेल तेवढं ऐकतायत. आपल्याकडे लग्नघरात कसं, ज्याच्याशी बोलायचंय तो सोडून बाकी सगळ्यांशी बोलणं होतं, तसं. एका प्रसंगात बहिणीचा दोन वर्षांचा पोरगा ॲनच्या पाठीवर चढून बसलाय, ती दुसऱ्या आजारी भाच्याजवळ गुडघ्यांवर वाकलेली, तिला त्याला झटकता येत नाही, ती रागावते, विनवते, पोरगं ढिम्म. अचानक तिला कळतं की मानेभोवतीचे ते गच्च हात कुणीतरी सोडवतंय, आणि पोराला उचलून नेल्यावर कळतं की तो वेंटवर्थ होता. तो एक शब्द बोलत नाही, उलट पोराशी मुद्दाम गडबड करत राहतो, तिने थँक्यू म्हणू नये म्हणून. अख्ख्या पुस्तकात किस नाही, मिठी नाही, पण हा प्रसंग वाचताना माझ्या मानेवर काटा आला, खोटं सांगत नाही.

बाकी पुस्तक विनोदी आहे हे कुणी आधी का सांगत नाही? सर वॉल्टर हा माणूस म्हणजे कहर आहे. त्याला नेव्ही आवडत नाही, कारण दोन. एक, घराणं नसलेली माणसं तिथे वर येतात. दोन, समुद्रावर चेहऱ्याची वाट लागते. एका ॲडमिरलला बघून हा त्याचं वय साठ-बासष्ट सांगतो, तो निघतो चाळीसचा. पुढे बाथ शहरात एका दुकानात उभा राहून हा रस्त्यावरून जाणाऱ्या बायका मोजतो, 87 गेल्या आणि एकही बघण्यासारखी नाही म्हणे. ॲन जरा तजेलदार दिसायला लागली तर विचारतो कुठलं लोशन लावतेस. (गाउलंड्स लोशन, ते तेव्हा खरंच बाजारात मिळायचं. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाही.) आणि वाड्यात राहायला आल्यावर ॲडमिरल क्रॉफ्ट काय करतो, तर याच्या ड्रेसिंगरूममधले मोठाले आरसे काढून ठेवतो, म्हणतो जिकडे बघावं तिकडे मीच, स्वतःपासून सुटकाच नाही! क्रॉफ्ट नवरा-बायको माझे फेव्हरेट. बाई नवऱ्याबरोबर जहाजावर राहिलेली, चार वेळा अटलांटिक ओलांडलेली, आपल्याकडे ईस्ट इंडीजला येऊन गेलेली, आणि ती म्हणते मी आयुष्यात खचले ती एकाच हिवाळ्यात, जेव्हा तो समुद्रावर होता आणि मी एकटी घरी. ऑस्टिनचे दोन भाऊ नेव्हीत होते, धाकटा चार्ल्स तर पुढे इकडेच आला आणि 1852 मध्ये ब्रह्मदेशात वारला, त्यामुळे ही माणसं तिने घरातून उचललेली आहेत हे जाणवतं.

आता मुद्द्याचं. यात व्हिलन कोण? नावाला एक चुलतभाऊ आहे गोडबोल्या, पण खरं नुकसान ज्या सल्ल्याने झालं तो देणारी बाई वाईट नाहीये. सल्लासुद्धा तसा वेडगळ नव्हता, 1806 मध्ये बिनपैशाच्या नेव्ही ऑफिसरवर 19 वर्षांची मुलगी कोण सोडेल? वेंटवर्थ मात्र हा राग धरून बसलाय की ॲन कच्च्या मनाची निघाली. मग तो लुइझा नावाच्या मुलीला हेझलनट हातात घेऊन लेक्चर देतो की बघ, हे कसं सगळ्या वादळातून टणक राहिलं, माणसाने असं असावं (आणि ॲन कुंपणापलीकडे बसून ते ऐकतेय, अर्थात). लुइझा ते इतकं मनावर घेते की लाइम गावी समुद्राच्या धक्क्यावरच्या पायऱ्यांवरून, तो नको म्हणत असताना, मी ठरवलंय म्हणून उडी मारते आणि दगडावर आपटून बेशुद्ध. सगळे सैरभैर, लुइझाची बहीण चक्कर येऊन पडते, मेरी किंचाळतेय, युद्धावरून आलेला कॅप्टन वेंटवर्थ भिंतीला टेकून 'कुणी मदत करा' म्हणतोय, आणि डॉक्टरला बोलवा, कुणाला पाठवा, हे सुचतं कुणाला, तर त्या 'कच्च्या मनाच्या' ॲनला. ठामपणा आणि हट्ट यात फरक आहे हे लेखिकेने कुठेही भाषण न देता एका उडीत दाखवलंय.

आणि शेवटाला तर मी दोनदा वाचलं एक पान. सगळं जुळल्यावर वेंटवर्थ विचारतो, 1808 मध्ये मला जहाज मिळालं होतं, हातात थोडे पैसे आले होते, तेव्हा पत्र टाकलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? ती म्हणते, म्हणाले असते का काय! म्हणजे आठातली दोन वर्षं लेडी रसेलच्या खात्यावर, उरलेली सहा याच्या स्वतःच्या इगोच्या. तो हे कबूल करतो. हिरोने असा हिशोब स्वतःच्या तोंडाने मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

वेंटवर्थच्या त्या प्रसिद्ध पत्राबद्दल लिहिलं नाही तर लोक मारतील. बाथमधल्या व्हाइट हार्ट हॉटेलात ॲन खिडकीपाशी वेंटवर्थच्या मित्राशी, कॅप्टन हारव्हिलशी, वाद घालतेय की जास्त काळ प्रेम कोण करतं, बाई की पुरुष. तो म्हणतो सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाबद्दल बोलतात, ती म्हणते पुस्तकं लिहिली कुणी, लेखणी पुरुषांच्याच हातात होती, तो पुरावा चालणार नाही. मागे टेबलावर वेंटवर्थ भलतंच कामाचं पत्र लिहीत बसलाय, आणि मध्येच त्याच्या हातातून पेन पडतं. पुढचं सांगत नाही. गंमत म्हणजे हे सगळं पहिल्या खर्ड्यात नव्हतंच. ऑस्टिनने एक वेगळा, बराच फिका शेवट लिहून 18 जुलै 1816 ला 'समाप्त' केलं होतं, मग ते पटलं नाही म्हणून तीन आठवड्यांच्या आत नवीन लिहिलं. टाकून दिलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. बरोबर एक वर्षाने, 18 जुलै 1817 ला ती गेली, वय 41, पुस्तक आलं ते त्यानंतर डिसेंबरमध्ये.

तक्रारी आहेत. मिसेस स्मिथ नावाची विधवा मैत्रीण येते आणि चुलतभावाची सगळी कुंडली एका लांबच लांब प्रकरणात वाचून दाखवते, तिथे पुस्तक बसतं ते उठायला वेळ लागतो. चार्ल्स नावाची चार माणसं आहेत, चार! मी शेवटच्या पानावर पेन्सिलने यादी केली होती. आणि मेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या जाड आईची थट्टा केलीये ती मला आजही खटकली. इंग्रजीही सुरुवातीला जड जातं, वाक्यं लांबलचक, पण पहिली तीन प्रकरणं रेटा, मग सवय होते. नेटफ्लिक्सचा 2022 चा सिनेमा बघून पुस्तकाबद्दल मत करून घेऊ नका, त्यात ॲन कॅमेऱ्याकडे बघून डायलॉग मारते, आणि या बाईचं सगळं बळ न बोलण्यात आहे. 1995 चा सिनेमा बघा, तो जमलाय.

पुस्तकाला कॉपीराइट उरलेला नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. छापील घेणार असाल तर आत उघडून बघून घ्या, मी फुटपाथवरून स्वस्तात घेतलेल्या प्रतीत अक्षरं मुंगीएवढी निघाली.

ती प्रत सध्या मावशीकडे आहे. मावशी शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि आमच्या खानदानातली अर्धी स्थळं तिच्या सल्ल्याने जुळलीत आणि बाकीची अर्धी मोडलीत. परवा रात्री साडेअकराला तिचा व्हॉट्सॲप आला, फक्त एक ओळ: "वाचून झालं, पण त्या रसेलबाईंचं नक्की काय चुकलं ते सांग."