महू रस्त्यावरच्या रेंजवर मिसफायर जमा करायची सोय: काय बरोबर, काय चुकतंय

इंदूरहून महूकडे जाताना लागणाऱ्या एका खासगी रेंजवर पॉइंट टू-टू (.२२) रायफलच्या न उडालेल्या गोळ्या, म्हणजे मिसफायर, जमा करून घेतात. पैसे लागत नाहीत. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून रेंजचं नाव देत नाही.

सगळ्यात चोख काम फायरिंग लाइनवरच होतं. नुसतं 'टक्' झालं आणि गोळी उडाली नाही, की बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणाऱ्या सरकत्या दांड्याला, हात लावायचा नाही. नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरबाहेर, मोकळा हात वर. बारूद कधी कधी उशिरा पेटतं, म्हणून किमान ३० सेकंद थांबायचं असतं. इथे रेंज ऑफिसर पूर्ण मिनिट मोजतो. मग चेहरा बोल्टच्या रेषेतून बाजूला घेऊन बोल्ट सावकाश उघडायचा. सावकाश, कारण मॅच रायफलचं चेंबर (गोळी बसायची जागा) तंग असतं आणि गोळीचं शिशाचं टोक रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांत, रुतून बसतं. झटका दिला तर केस, म्हणजे मागचं पितळी आवरण, बाहेर येते, शिशाचं टोक नळीतच राहतं आणि बारूद ट्रिगरच्या यंत्रणेत सांडतं. असं झालं तर रायफल तिथेच बाजूला काढतात आणि नळी, ट्रिगर साफ झाल्याशिवाय परत देत नाहीत. 'टक्'ऐवजी दबका 'फुस्' झाला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते, तेव्हाही हाच नियम.

यानंतर जे होतं त्यासाठी आम्ही या रेंजला जास्त गुण देऊ. जमा करण्याआधी केसच्या मागच्या कडेवर उमटलेली फायरिंग पिनची खूण भिंगाखाली बघतात. पॉइंट टू-टू ही रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून उडणारी गोळी; तिच्यात ठिणगीसाठी वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला केसच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेला असतो आणि पिन ती कडा चेपते. खूण खोल असूनही गोळी उडाली नसेल तर बहुधा त्या जागी मसाला पोहोचलेला नाही, म्हणजे दोष गोळीचा. खूण उथळ असेल तर रायफल तपासा: स्प्रिंग थकली असेल, पिनचं टोक झिजलं असेल, किंवा चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचून गोळी पुरती बसत नसेल. या शेवटच्या प्रकारात पहिला ठोका गोळी आत ढकलण्यातच खर्च होतो, म्हणून तीच गोळी दुसऱ्या ठोक्याला उडते आणि लोक उगाच कंपनीला शिव्या देतात.

साठवण मात्र अर्धवट आहे. लाकडी ठोकळ्यात ६ मिमीची भोकं पाडलीत. केस साधारण ५.७ मिमी आणि कडा ७ मिमी, त्यामुळे गोळी नाक खाली करून उभी राहते आणि कडेवर अडकते. कल्पना उत्तम, डब्यात खुळखुळणाऱ्या गोळ्यांपेक्षा शंभर पटीनं बरी. पण कडा लाकडाच्या वर राहते आणि धोका नेमका कडेतच असतो. मागच्या फळीवर स्टीलचे क्लीनिंग रॉड ठेवलेत, त्यातला एखादा खाली पडला तर? भोकाच्या तोंडाशी ८ मिमी रुंद, २ मिमी खोल खळगा कोरला तर कडा लाकडात बुडेल. सुताराचं तासाभराचं काम आहे. कपाटाला कुलूप आहे आणि ठोकळ्यावर हवाबंद झाकण नाही, हे दोन्ही बरोबर. आग लागली तर घट्ट बंद डब्यात दाब वाढतो.

घरी उपाय करू बघणाऱ्यांनी काउंटरवरची पाटी वाचावी. तेलात किंवा पाण्यात बुडवून गोळी मरेलच असं नाही. केसचं तोंड शिशाच्या टोकावर घट्ट आवळलेलं असतं, ओल आत गेली न गेली कळत नाही. पक्कडीनं शिशाचं टोक उपटणं तर वेडेपणा, कारण दाब पडतो तो मसाला भरलेल्या केसवर. आणि कचरागाडी? इंदूरला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तो याच्यासाठी नाही. पुढे कचरा दाबला जातो. नळीबाहेर फुटलेल्या गोळीचे पितळी तुकडे डोळा घालवायला पुरेसे असतात.

रजिस्टरमध्ये तारीख, लायसन्स नंबर, गोळीची कंपनी आणि नग लिहून सहीची चिठ्ठी देतात. ही चिठ्ठी जपा. उडाली नाही म्हणून ती गोळी १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटत नाही, तुमच्या हिशेबात ती जिवंतच. रेंज स्वतः काही नष्ट करत नाही, पोलिसांना कळवून पुढे सोपवते, तेच योग्य. खटकतं ते हे, की रजिस्टरला बॅच नंबरचा रकानाच नाही. एकाच बॅचच्या ५० च्या डब्यात तीन-चार मिसफायर निघाले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. तोवर नंबर स्वतःच चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा, डबा फेकायच्या आधी.

रविवारी गर्दी सगळ्यात जास्त आणि नेमका रजिस्टरवाला सुट्टीवर. त्या दिवशी गोळ्या खिशात घालून निघू नका. रेंज ऑफिसरच्या हातानं ठोकळ्यात ठेवून घ्या, साध्या कागदावर नग आणि सही मागा, आणि सोमवारी तो कागद देऊन रजिस्टरात नोंद करून घ्या.